न्हाणीमागची टंबाटी

छत्तीस वर्षं मी शेती खात्यात काढली. १९८४ साली कृषी सहायक म्हणून लागलो तेव्हा बुडाखाली सायकल होती, २०२० साली निवृत्त झालो तेव्हा मोटारसायकल. मधल्या काळात जुन्नर तालुक्यातली आणि आसपासची किती गावं पायाखाली घातली ते मोजलं नाही. टोमॅटोचं रोप किती दिवसांचं झालं की लावायचं, दोन रोपांत किती अंतर सोडायचं, खताचा कुठला हप्ता कधी द्यायचा, करपा कसा ओळखायचा, हे मी बांधावर उभं राहून इतक्या जणांना सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. आमचा मुलूखच टोमॅटोचा. नारायणगावच्या बाजारात हंगामात कॅरेटच्या थप्प्या लागतात, परराज्यातले व्यापारी तळ ठोकून असतात. आणि अशा मुलखातल्या कृषी सहायकाच्या परसात पाच झाडांना मिळून पाव किलो टंबाटी लागत नाहीत, ही गोष्ट गावात लपून राहणार कशी?

चहाच्या दुकानात बसलो की कुणीतरी हटकून म्हणायचंच, "साहेब, घरची टंबाटी द्या की छटाकभर. बी धरायचंय."

मी हसून घ्यायचो. करतो काय?

खरं तर परसात काही लावावं असं माझ्या मनातही नव्हतं. निवृत्त झालो तो महिना मेचा, टाळेबंदीचा. हारतुरे नाहीत, नारळ नाही, कुणाचं भाषण नाही. त्याच सुमारास आमच्याकडे, नगरकडे, साताऱ्याकडे टोमॅटोवर व्हायरस आला होता. फळं एका बाजूला लाल आणि एका बाजूला पिवळी पडत होती. नमुने बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेत गेले तेव्हा काकडीवरचा मोझॅक व्हायरस निघाला. तोवर टीव्हीवाल्यांनी टोमॅटो खाल्ल्यानं माणसालाच काहीतरी होतं अशी आवई उठवून मोकळं केलं होतं. झाडाचा व्हायरस माणसाला लागत नाही, हे फोनवर सांगता सांगता माझा नोकरीचा शेवटचा महिना संपला. टोमॅटो या शब्दाचाच वीट आला होता म्हणा ना.

मग त्या थंडीत आई आजारी पडली. तापाचं निमित्त झालं. ताप गेला पण तोंडाची चव घेऊन गेला. तेव्हा ती ऐंशीच्या पुढं होती. अर्धी भाकरी खाणारी बाई चतकोरावर आली. डॉक्टर म्हणाले, औषध आता काही नाही, पोटात अन्न जाऊ द्या. बायको रोज नवं काहीतरी करायची. मुगाची आमटी, शेवग्याची शेंग, लाडका दुधीभोपळा. आई ताटाकडे बघायची आणि ताट सरकवायची.

एक दिवस मी वैतागून विचारलं, "आई, तुला खावंसं वाटतंय तरी काय?"

ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. म्हणाली, "आपली न्हाणीमागली टंबाटी भाजून दे. मिरची-मीठ घालून रगड. भाकरीसंगं खाईन मी."

बाजारातून किलोभर आणली. बायकोनं गॅसवर जाळीत भाजली, शेंगदाणे घातले, लसूण घातली. आईनं बोट लावून चाटलं. "ही नव्हं गं बाई. ह्याला आंबटपणा कुठाय? नुसतं पानी."

ती टंबाटी मला आठवत होती. लिंबाएवढी, चपटी, भोपळ्यासारख्या फुगवट्या असलेली. देठापाशी पिकूनसुद्धा हिरवट राहायची. साल इतकी पातळ की खिशात घालून शाळेत नेलं तर चड्डी रंगायची. आंबट असायची, म्हणजे चांगली डोळा मिटेल इतकी. आत गर कमी आणि बियाच बिया. आजी त्याला बेलवांगी म्हणायची आणि एकादशीच्या दिवशी घरात कापू द्यायची नाही. पाऊस सरला की लागायची ती थेट शिमग्यापर्यंत. तव्यावर नव्हे, चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवली की साल तडकायची आणि चर्र आवाज यायचा.

म्हटलं, त्यात काय आहे, चार झाडं लावू. आपण कशासाठी शिकलो?

नर्सरीतून पंधरा रोपं आणली. त्यातली बारा जगली. परस तसा पडीकच होता. घर बांधताना उरलेली खडी, सिमेंटचे गट्टे, विटांचे तुकडे सगळं तिथंच दाबलेलं. मी एक एक वाफा हातभर खोल खणला, दगड वेचले, झाडामागं दोन घमेली शेणखत घातलं. त्यावर कोंबडीखत. मन भरेना म्हणून मूठ मूठ युरियाही दिला. झाडं अशी फोफावली की विचारू नका. महिन्या-दीड महिन्यात छातीला लागली. पानं काळीशार, खोड अंगठ्याएवढं. बांबू रोवून सुतळीनं बांधली. येणाजाणाऱ्याला मी मुद्दाम परसात नेऊन दाखवायचो.

फूल येईना.

आई काठी टेकत मागच्या दारात आली, उंबऱ्यावर बसली आणि एक नजर टाकून म्हणाली, "माजलीत रं. ह्यास्नी उपाशी ठिवायचं असतं."

हे वाक्य मी शेकडो लोकांना सांगितलेलं. नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं, फुलावर येत नाही. लोकांच्या प्लॉटात ते मला रस्त्यावरून दिसायचं. स्वतःच्या परसात दिसलं नाही. आपल्या लेकराला आपण जरा जास्तच खाऊ घालतो तसलीच ही गत.

दुसऱ्या वर्षी हात आवरला. खत मोजून घातलं. फुलं आली, त्यातली काही टिकलीही. पण झाडं किडकिडीत, वर वर लांबलेली, जणू कुणीतरी मान धरून ओढतंय. ती उन्हासाठी ताणत होती हे लक्षात यायला मला डिसेंबर लागला. एका रविवारी बायकोची रांगोळी घेतली आणि दर तासाला सावलीच्या कडेनं रेघ मारत गेलो. बायको म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील, परसात रांगोळी काढताय." पण हिशेब निघाला. साडेआठला ऊन यायचं आणि साडेअकराला जायचं. तीन तास. टोमॅटोला निदान सहा तास तरी सरळ ऊन पाहिजे, हे मी कागदावर छापून वाटलेलं आहे.

सावली होती आमच्याच घराची आणि दक्षिणेला चुलतभावाच्या घराची. पूर्वी दोन्ही घरं बसकी, कौलारू, पांढऱ्या मातीच्या भिंतींची. परसात दिवसभर ऊन लोळायचं. १९९६ साली मी कर्ज काढून आमचं पाडलं आणि स्लॅबचं बांधलं, पुढे वर माडी चढवली. त्याच्या मागोमाग त्यानंही बांधलं. दोघांच्या माड्या वर गेल्या आणि मधला परस खाली राहिला.

त्यातूनही जी फळं धरली त्यांची बुडं काळी पडली. खालून चामड्यासारखा काळा गोल डाग, वरून फळ चांगलं. तोडायला जावं आणि हातात खालची बाजू आली की मन विटावं. हा रोग नव्हे. जमिनीत चुना असतो, पण पाणी कधी बदाबदा आणि कधी तीन दिवस कोरडं असं झालं की तो फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही. आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. त्यात मी मध्ये आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेलो होतो. जाताना बायकोला सांगितलं होतं पाणी घाल म्हणून, पण ती तरी एकटी आईचं बघेल की झाडांचं?

त्या वर्षी चांगली म्हणावी अशी सात फळं निघाली. आईला एक भाजून दिलं. "बरं हाय," म्हणाली. आमच्या आईचं बरं हाय म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळतं.

एक साल असंच गेलं. मग २०२३ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा लावली, ह्या खेपेला ऊन बघून, परसाच्या पार उत्तरेच्या कडेला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, माड्यांची सावली आखडते. विचार बरोबर होता. एवढंच की मे महिन्यात आमच्याकडे पारा ३५ च्या कितीतरी वर जातो आणि त्या उष्म्यात टोमॅटोचं फूल धरत नाही, देठातून गळून पडतं. रोज सकाळी झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा. पारिजातकाखाली शोभतो, टोमॅटोखाली नाही.

पण सड्यावरच भागलं असतं तर हरकत नव्हती. एके सकाळी शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली दिसली. दोन दिवसांत बारीक झाली, चुरगळली, झाड खुजं झालं. पान उलटलं तर खाली पांढरी माशी. आमच्याकडे ह्याला बोकड्या म्हणतात. व्हायरस असतो, पांढरी माशी तो ह्या झाडावरून त्या झाडावर नेते. एकदा झाडात शिरला की औषध नाही.

परसाच्या कुंपणापलीकडे वीस पावलांवर चुलतभावाचा तीस गुंठ्यांचा प्लॉट होता. नुकता फुलात आलेला. मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सगळं धरून त्याचा बराच पैसा मातीत गेलेला, त्यातला निम्मा सोसायटीचा. आदल्या दोन हंगामांत भाव असा पडला होता की तोडणीची मजुरीही सुटेना, आणि त्यानं उभ्या पिकात शेरडं सोडली होती. तो संध्याकाळी आला. वयानं माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. उठताना म्हणाला, "दादा, एक सांगू का, राग धरू नका. तेवढी झाडं काढली असती तर…"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझी बारा झाडं आणि ह्याचे तीस गुंठे. माशी त्याच्याकडून माझ्याकडे आली नसेल कशावरून? बहुतेक तशीच आली असणार. पण रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटा, पिशवीत घाला, जाळा, शेजाऱ्याची वाट बघू नका, हे मी त्याच्याच प्लॉटात उभं राहून त्याला शिकवलं होतं. माझंच ज्ञान माझ्या दारात चहा पिऊन उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपटली. आई मागच्या दारात उंबऱ्यावर बसलेली. तिनं काही विचारलं नाही. एक एक झाड उपटून मी खताच्या रिकाम्या गोणीत कोंबत होतो आणि ती बघत होती. शेवटचं उपटल्यावर म्हणाली, "हात धू. आन् ये, च्या पी."

त्या जुलैत टोमॅटोचं काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. नारायणगावात २० किलोच्या कॅरेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला. शहरात लोक एक एक फळ मोजून घेत होते, टोमॅटोवर विनोद होत होते, शेतकरी प्लॉटात राखणीला झोपत होते. चुलतभावाचा प्लॉट वाचला होता. त्याचं कर्ज फिटलं, पोरीचं कॉलेजचं ठरलं. एका रात्री तो स्वतः एक भरलेलं कॅरेट खांद्यावर घेऊन आला आणि आईच्या खाटेपाशी ठेवलं. "काकू, खावा. दादांनी झाडं काढली म्हणून माझी राहिली." दोन हजारांचा माल. माझे डोळे भरून आले, ते मी चष्म्यावर ढकललं.

आईनं एक फळ हातात घेतलं. दाबलं. ते दबेना. खाली टाकलं तरी फुटणार नाही असं. "लई गुणाचं हाय," ती त्याला म्हणाली. तो गेल्यावर मला म्हणाली, "आरं, ह्याला टंबाटं म्हनायचं का चेंडू?"

हसलो आम्ही. पण मग मी तिला जरा समजावायला गेलो. म्हटलं, आई, हे फळ इथून शेकडो मैल ट्रकमधून जातं, म्हणून असं केलंय. साल जाड, गर घट्ट, पाणी कमी. पुरतं पिकायच्या आधीच, रंग धरायला लागला की तोडतात. आपली न्हाणीमागची आळेफाट्यापर्यंत तरी गेली असती का? संध्याकाळी तोडली तर सकाळी तिचं पाणी झालेलं असायचं. ह्या चेंडूंनी गावात घरं उभी केली, पोरी शिकल्या. मी संकरित बियाण्याला शिव्या देणाऱ्यांतला नाही. निवृत्त झाल्यावर पलटी मारणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यात मला बसायचं नाही.

ती ऐकून घेत होती. मग सहज म्हणाली, "व्हय की. म्हनून तर तू म्हनलास, काढून टाक ती चिल्लर."

"मी कधी म्हटलं?"

"तूच. नोकरीला लागलास त्या साली."

मी विसरलो होतो असं म्हणणं सोयीचं आहे. तिनं सांगायला सुरुवात केली तसं सगळं आठवत गेलं. नोकरीचं पहिलं वर्ष. पिशवीत खात्याची प्रात्यक्षिकाची पाकिटं, त्यात पुसा रुबीचं बी. वाटून एक उरलं ते मी घरी आणलं. पँट-बुशशर्ट घातलेला लेक, नवा नवा साहेब. न्हाणीमागं उभं राहून मी आईला आणि जमलेल्या दोन-चार बायांना सुधारित वाणावर भाषण दिलं होतं. फळ एकसारखं, लाल, उत्पन्न जास्त. आणि ती वेडीवाकडी झाडं दाखवून म्हटलं होतं, ही चिल्लर काढून टाका, कशाला जागा अडवता?

आईनं ऐकलं. पुसा रुबी छान आली. हे सांगितलं पाहिजे की ती खरोखर छान आली. परडी भरभरून आईनं आळीत वाटली, "माज्या लेकानं आनलंय" म्हणत. नंतर वैशाली, रूपाली आल्या, मग दरवर्षी नवी नावं. त्यांचं बी धरून उपयोग नाही, दरसाल पाकीट आणायचं, तेही मीच सांगितलं.

"पर मी बी ठिवलं व्हतं," आई म्हणाली.

"कुठं?"

"चुलीमागं. भितीला."

तेही आठवलं. वांग्याचं, टंबाट्याचं, दुधीचं बी आई राखेत चोळायची, शेणात कालवायची आणि चुलीमागच्या भिंतीला त्याच्या चपट्या थापायची. धुरानं त्या काळ्या व्हायच्या. किडा लागत नसे. पाऊस पडायच्या आधी काढायची, फोडायची, पेरायची. पोरसवदा असताना आम्ही त्या चपट्या मोजायचो. सर्वांत खालची टंबाट्याची.

"मग?"

"मग काय? तू भित पाडलीस."

रागानं नव्हे, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी ती म्हणाली. १९९६ साली घर पाडलं तेव्हा पांढऱ्या मातीच्या त्या भिंतीची माती मी दोन बैलगाड्या भरून मळ्यात पसरायला लावली होती. जुन्या घराची माती पिकाला चांगली असते. मजुरांनी चुलीची भिंत पाडली तेव्हा आई स्लॅबच्या स्वयंपाकघरात ओटा कुठं येणार ते बघत होती. तिला चपट्यांची आठवण झाली तोवर गाड्या रिकाम्या होऊन परत आल्या होत्या. "म्या मळ्यात जाऊन बघितलं," ती म्हणाली. "दोन साल बघितलं. कुठं उगावलं तर. ऊस व्हता तितं, कशाचं दिसतंय."

सत्तावीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, "अगं, तेव्हाच सांगायचं."

"काय सांगू? घर बांदत व्हतास तू."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बियाणं जपा म्हणून सांगणाऱ्या शिबिरांना मी पुढे सरकारी गाडीतून गेलो होतो.

सकाळी उठून मी पुन्हा हिशेब मांडायला बसलो. म्हटलं, जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात कुणाच्या परसात जुनं वाण असेल, शोधू, आणू, ह्या खेपेला नीट लावू. आईला विचारलं, तू कोणत्या महिन्यात लावायचीस? किती अंतर ठेवायचीस? पाणी किती दिवसांनी?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कवा लावली व्हती? ती येत व्हती."

म्हणजे काय, तर भांडी न्हाणीत घासली जायची, खरकट्यातल्या बिया पाण्याबरोबर वाहायच्या. आंघोळीचं, धुण्याचं, भांड्याचं पाणी दिवसभर थोडं थोडं मागं जायचं. त्याच पाण्यावर अळू, कर्दळ, केळ. भांड्यांची राख त्याच पाण्यातून. जे रोप तिथं तग धरेल ते वाढायचं, बाकीचं मरायचं, शेळी खायची. झाडं भुईवर पसरायची, त्यांना बांबू ना सुतळी. आई एवढंच करायची की त्यातलं चांगलं बघून, पहिलं फळ न खाता बियाला ठेवायची. भिंतीवरच्या चपट्या म्हणजे नुसता राखीव साठा, एखाद्या साली सगळी मेली तर असावा म्हणून.

आणि आता? न्हाणी गेली, बाथरूम आलं. सगळं सांडपाणी पाइपातून शोषखड्ड्यात. ग्रामपंचायतीनं खड्डे करायला लावले ते योग्यच होतं. पूर्वी पावसाळ्यात आळीत डासांची काय कड असायची ते मी विसरलेलो नाही.

तरी मी पाइप कापला. भांड्याच्या मोरीचा तेवढा. बायको चिडली. "डास झाले तर मच्छरदाणीत तुम्हीच झोपा." तडजोड म्हणून पाणी साठणार नाही असा हातभर लांबीचा पाट काढला, कडेला अळवाचे दोन कंद लावले. चुलतभावाच्या कॅरेटमधली जी फळं नासली ती मोरीतून तशीच पलीकडे गेली. मी काही लावलं नाही. खत नाही, बांबू नाही, सकाळ-संध्याकाळ जाऊन बघणं नाही. म्हणजे बघत होतो, पण अळू बघतोय असं दाखवत.

दिवाळीच्या आसपास रोपं दिसली. सात-आठ उगवली, त्यातली बरीच आपसूक गेली. एक राहिलं. ते पाटाच्या पार टोकाला, आमचं घर आणि चुलतभावाचं घर यांच्यामधल्या बोळाच्या तोंडाशी. तिथं कधी मी लावलंच नसतं, जागा दगडांची, येण्याजाण्याची. पण दोन माड्यांच्या फटीतून दुपारचं ऊन त्या बोळातून आत येतं, ते माझ्या रांगोळीच्या रेघांत कुठं सापडलंच नव्हतं. मी वाफ्यांपुरत्याच रेघा मारल्या होत्या.

झाड भुईवर पसरलं. पानं फार देखणी नव्हती, खालची करप्यानं वाळली. पण जानेवारीत त्याला फळं लागली. नऊ. संकरिताच्या बियापासून आलेलं झाड आईबापासारखं निघत नाही, फुटून काहीही निघतं. हीही तशीच. काही लांबट, काही गोल, एक मात्र थोडं चपटं, देठाशी हिरवट.

ते चपटं मी तोडलं आणि आईकडे नेलं. ती आता बहुतेक खाटेवरच असते. उठवून बसवलं. घरात निखारे नाहीत, गॅसवरच भाजलं. बायकोनं तव्यावर मिरची परतली, मीठ घातलं, वाटीत रगडलं. आईनं भाकरीचा तुकडा लावून तोंडात घातला. हळूहळू चघळत होती. आम्ही दोघं नवराबायको खाटेच्या दोन बाजूंना परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे.

"ती नव्हं," आई म्हणाली.

मी मान हलवली. ती असणार नव्हतीच.

आणखी एक तुकडा मोडून तिनं वाटी पुसली. मग म्हणाली, "पर आंबट हाय." अर्धी भाकरी संपवली त्या दिवशी तिनं. पाणी प्याली, तोंड पुसलं आणि विचारलं, "झाडावर अजून हायत का?"

"आहेत आठ."

"त्यातलं चांगलं पिकलेलं एक आन. खायाला नको. आन् राख आन वाईच."

मी बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. राख? उदबत्तीची चिमूटभर निघाली असती देव्हाऱ्यात. आईला मूठभर पाहिजे होती, चाळलेली, लाकडाची. मी वाटी घेऊन बाहेर पडलो. चुलतभावाकडे सोलर. त्याच्या पलीकडे गीझर. तिसऱ्या घरातली सून म्हणाली, "राख कशाला साहेब, भांडी घासायला? साबण देते की."

आळीच्या टोकाला एका म्हाताऱ्या आत्याच्या दारात बंब धुमसताना दिसला. तिला म्हटलं, वाटीभर राख हवीय.

"कशाला रं?"

"आईला बी धरायचंय."

"कशाचं?"

"टंबाट्याचं."

ती बंबाखालची राख लोखंडी पळीनं ओढता ओढता थांबली. "तुज्या परसात लागली व्हय?" म्हणाली, आणि मोठ्यानं हसत सुटली. वाटी मात्र शिगोशीग भरून दिली. राख अजून गरम होती. सदऱ्याच्या टोकात वाटी धरून मी घराकडे निघालो.